आभाराच्या रकान्यातलं नाव

जोडतेबाई,

तू गेल्याला पाच आठवडे झाले आणि आपल्या चर्चच्या मंडळीच्या मासिकाने माझ्याकडे तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. संपादक म्हणाले, "तुमची भावजय. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं? विश्वासात कशी वाढत गेली ते लिहा. वाचणाऱ्याला उभारी येईल असं." मी हो म्हणून बसले. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा फाडलं. असल्या लेखातली बाई पहिल्या ओळीपासून हसतमुख असते, शेवटच्या ओळीत तिच्या चेहऱ्यावर तेज असतं आणि मधल्या काळात तिला साधी सर्दीसुद्धा होत नाही. तुझ्या चेहऱ्यावर मी कधी तेज पाहिलं नाही. बाम पाहिला, कपाळभर. तेव्हा म्हटलं, लेख गेला उडत, सरळ तुझ्याशीच बोलावं. तुला माहीत असलेल्या गोष्टी मध्येमध्ये पुन्हा सांगेन, कारण वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. तू कंटाळू नकोस. तसंही आपल्या दोघींत कंटाळायचं काम माझ्याकडे होतं.

तर तू टेलिफोन ऑपरेटर. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, बिनखिडकीच्या खोलीत एकतीस वर्षं. मी एकदाच तिथे आले होते. समोर दिव्यांचा बोर्ड, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर जुन्या पडद्याची उशी, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला टेबलफॅन. "हा असा शिक्षा केल्यासारखा का उभा आहे?" मी विचारलं. तू म्हणालीस, "त्याचा आवाज फोनमध्ये जातो, वन्सं. पेशंटच्या माणसांना वाटतं वादळ आलंय." कानावरच्या हेडफोनच्या पट्टीने तुझ्या डोक्यावर आडवी रेघ पाडली होती. तिथले केस विरळ झाले ते पुन्हा आलेच नाहीत.

"थांबा, जोडते." हे वाक्य तू दिवसातून किती वेळा म्हणत असशील कोण जाणे. घरी कुणी मीठ मागितलं तरी तोंडातून तेच. माझ्या भावाने म्हणूनच तुझं नाव जोडतेबाई ठेवलं. तो गाड्यांना रंग मारायचा, शेडमध्ये, फवाऱ्याने. हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकांना पांढरा कुठल्या जातीचा हवा ते विचारायला त्याने स्टोअरला फोन केला. तीनदा केला. चौथ्यांदा म्हणाला, "मला स्टोअर नको, तुम्हीच बोला." तू म्हणालीस, "इथे बोलायची परवानगी नाही. फक्त जोडायची आहे." घरी येऊन हा मला सांगतो, "ताई, लग्न करीन तर हिच्याशी."

"अरे, पाहिलीस तरी का?"

"ऐकली ना."

असा माझा भाऊ. आणि अशी तू आमच्या घरात आलीस.

आमचं घर कसं होतं ते सांगायला हवं. वडील चर्चमधले मानकरी. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे वक्तृत्व स्पर्धा होती, आणि बक्षीस बहुतेक वेळा मलाच. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून आवाज कमावलेला, शब्द हाताशी. तू आलीस ती लग्न आणि दफन यांखेरीज चर्चची पायरी न चढणाऱ्या घरातून. जेवणाआधी तुझी पाळी आली की तू हळूच म्हणायचीस, "वन्सं, तुम्ही करा. तुमचा आवाज पोचतो." मला ते आवडायचं. आता कशाला लपवू? एकदा मी प्रार्थनेच्या मध्येच डोळे किलकिले केले, तर तू टक्क उघड्या डोळ्यांनी शेगडीकडे बघत होतीस.

"डोळे का उघडे होते?" मी नंतर विचारलं.

"दूध वर आलं होतं."

"देव काय म्हणेल?"

"त्याला दुधातलंही कळत असेल ना, वन्सं?"

भाऊ हसून हसून ठसकला. मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही.

पण एकदा, भांडी पुसता पुसता, तू आपणहून म्हणालीस, "मी त्याच्याशी कधी बोललेच नाही हो. मी जन्मभर दुसऱ्यांची बोलणी पोचवतेय. मी बोलले तर तो मला कोण म्हणून ओळखणार?" मी म्हटलं, "काहीतरीच तुझं." आणि ताट पुढे केलं. आज वाटतं, त्या दिवशी ताट खाली ठेवायला हवं होतं.

आता प्रार्थनेच्या साखळीबद्दल. ही आमच्या मंडळीची जुनी पद्धत. कुणी आजारी पडलं, कुणावर प्रसंग आला, की ते माझ्याकडे कळवायचं. माझ्याकडे मोठी वही. डाव्या रकान्यात विनंती, उजव्या रकान्यात आभार. मी सकाळी दहा वाजता पहिल्या बाईला फोन करायचा, तिने दुसरीला, अशा अकरा जणी. प्रत्येकीने फोन ठेवला की जागच्या जागी प्रार्थना करायची. शेवटच्या बाईने बाराच्या आत मला उलट फोन करून संदेश जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, म्हणजे वाटेत कुणी पदरचं घातलं असेल तर कळतं. अकरा बायकांच्या तोंडून गेल्यावर पायाला मुका मार लागलेल्याचा पाय कापलेला असायचा, असे दिवस आम्ही पाहिले होते. म्हणून तू निवृत्त झाल्याबरोबर मी तुला शेवटी ठेवलं. तू शब्द बदलायची नाहीस. हॉस्पिटलात तुला शिकवलेलंच ते होतं: ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, पोचवायचं ते जसंच्या तसं पोचवायचं. कुणाचा माणूस गेला हे घरच्यांच्या आधी तुला कळायचं आणि तू घरी येऊन मुकाट कणीक मळायचीस. मला तो कोरडेपणा वाटायचा.

वहीचा नियम माझाच होता. पेशंट दगावला तर नावावर आडवी रेघ. हॉस्पिटलातून सुटला तर नाव उजव्या रकान्यात, आणि रविवारी उपासनेत आभार. सव्वीस वर्षं मी ही वही चालवली. शिस्तीत चालवली. मंडळीत लोक म्हणायचे, बाईंच्या वहीत नाव गेलं की अर्धं काम झालं.

तू निवृत्त झालीस त्याच वर्षी भाऊ दमायला लागला. आधी जिन्यावर, मग बुटाची नाडी बांधताना, मग वाक्य संपवताना. रंगाच्या फवाऱ्याने तीस वर्षं जे आत गेलं होतं त्याने फुप्फुसं दगडासारखी केली होती. त्याला तुझ्याच हॉस्पिटलात ठेवलं. मी वहीत त्याचं नाव घातलं, सर्वांत वर, ठळक. सात आठवडे अकरा जणींनी रोज त्याच्यासाठी मागितलं. तू शेवटची. रोज पावणेबाराला तुझा फोन यायचा आणि तू मला तुझ्याच नवऱ्याबद्दलचा संदेश म्हणून दाखवायचीस: "फुप्फुसाचा आजार, श्वास मोकळा व्हावा म्हणून विनंती." मी म्हणायची, "बरोबर." फोन ठेवल्यावर तू प्रार्थना करायचीस का, हे मी कधी विचारलं नाही.

आठव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी तुला सकाळी फोन केला. वहीसाठीच.

"काय परिस्थिती?"

"डिस्चार्ज मिळाला."

"देवाची कृपा!" मी म्हटलं.

"वन्सं..." तू म्हणालीस.

एवढं मी ऐकलं. नक्की ऐकलं. पण दहा वाजून गेले होते, पहिल्या बाईला फोन करायचा होता, आणि मला कुणी वाक्य सुरू करून रेंगाळलं की चीड येते. मी फोन ठेवला. पावणेबाराला तुझा आला. "संदेश: आमच्या घरच्या पेशंटला डिस्चार्ज मिळाला. आभार मानावेत." एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी म्हटलं, "बरोबर."

रविवारी पाळकांनी जाहीर केलं. मंडळी आनंदली. भावाला नव्या गोळ्यांनी तात्पुरती उभारी दिली होती, गालावर रंग होता. तो बाकाला धरून उठला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं, मी संपलो. तुम्ही सगळ्यांनी मागितलंत, आणि त्याने मला परत दिलं." मधे तीनदा श्वास घ्यायला थांबला. शिलाईवाली डोळे पुसत होती. ही आमच्या साखळीतली चौथी, मंडळीतले झगे शिवते, जीभही तिची सुईसारखीच. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खाली, फरशीच्या फटीकडे बघत होतीस. मनात म्हटलं, ही बाई आजच्या दिवशीसुद्धा कोरडीच!

सोमवारी दुपारी तू माझ्या घरी आलीस. चप्पल दारात काढायचीही विसरलीस.

"वन्सं, त्यांना बरे झाले म्हणून सोडलेलं नाही."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही. दोन महिने, फार तर. घरच्या माणसांत राहू द्या. मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, स्टाफ म्हणून."

मी खुर्चीत बसले. मग ओरडले. मला दुसरं काय येतं? "मग शुक्रवारी बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुम्ही ठेवलात."

"आणि पावणेबाराला? तेव्हा तर तूच फोन केलास!"

"तो संदेश होता," तू म्हणालीस. "संदेशात मी बदल करत नाही."

माझ्या हाताखालून दोन हजार मुलं गेली, पण माझ्या शिस्तीचं असं उत्तर कुणी माझ्या तोंडावर मारलं नव्हतं. आणि तू मारलंही नाहीस. नुसतं सांगितलंस. मी वही ओढली. म्हटलं, "आत्ता नाव परत डावीकडे घेते. उद्या दहाला सगळ्यांना कळवते."

तू वहीवर हात ठेवलास. "नको."

"नको काय? लोकांनी मागायचं थांबवलंय! दोन महिने म्हणतेस आणि त्याच्यासाठी कुणी मागत नाहीये!"

"काल ते पोटभर जेवले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेडची किल्ली शोधत होते. साखळीत गेलं की दुपारपर्यंत त्यांच्या कानावर येईल. तुम्हाला माहीत आहे."

"मग मागणार कोण?"

तू वही मिटवलीस. मग म्हणालीस, "मी बघते."

बघते म्हणे! मला तेव्हा त्याचा रागच आला. ज्या बाईला साधी जेवणाआधीची प्रार्थना येत नाही, ती एकटी देवाकडून नवऱ्याचा जीव मागणार. पण तू माझ्याकडून शब्द घेतलास, आणि मी तो दिला. मलाही तो सोयीचाच होता. माझ्या वहीतली चूक वहीतच राहणार होती.

पुढचे सात आठवडे मी रोज साखळी संपली की साडेबाराच्या सुमारास तुमच्याकडे यायची. भाऊ तेव्हा आंघोळीनंतर पडलेला असायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून तुझा आवाज येत होता. मला वाटलं, फोनवर आहेस. तू स्टुलावर बसली होतीस, तोंड भिंतीकडे, हात मांडीवर उघडे.

"मी बोलतेय," तू म्हणत होतीस. "मागे कधी बोलले नाही, ते खरं आहे. तुला वाटेल, गरज पडली तेव्हा आली. हो, गरज पडली तेव्हाच आले. त्यांचा श्वास मोकळा व्हायला हवा. तू करू शकतोस. मी हॉस्पिटलात पाहिलंय, ज्यांची आशा सोडली ते चालत गेलेत. मग यांचं कर. मी उद्या परत येते."

बस्स. ना स्तुती, ना पापांची कबुली, ना शेवट. मी दार ढकललं. शिकवायची खोड जात नाही.

"अगं, शेवटी त्याच्या इच्छेवर सोडायचं असतं. आपल्याला हवं तेच कर, असं नसतं सांगायचं."

तू मान वळवलीस. डोळे लाल होते, पण आवाज बोर्डावरचाच, सपाट. "त्याची इच्छा काय आहे ते मला दिसतंय की, वन्सं. रोज नखं निळी होताना दिसतायत. मी माझी सांगतेय."

मी पुन्हा तुला शिकवायला गेले नाही.

भावाने त्या आठवड्यांत चर्चच्या फाटकाला रंग द्यायचं काढलं. आभार म्हणून. तू खुर्ची नेऊन ठेवायचीस, तो खुर्चीत बसून ब्रशने एकेक गज रंगवायचा, तू डबा धरायचीस. पाच मिनिटं रंग, दहा मिनिटं श्वास. मला बघून ब्रश हलवून म्हणायचा, "ताई, ऐकतो हो तो!" तेव्हा तू डब्यातला रंग ढवळत राहायचीस. खालचे गज झाले, वरचे राहिले. उभं राहता येईना. मग खुर्चीही नको झाली.

शेवटच्या आठवड्यात त्याने तुला विचारलं. हे तू मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलंस, कपडे वाळत घालताना. तो म्हणाला होता, "आपण आभार मानले ते कशाचे गं?" आणि तू त्याला सगळं सांगितलंस. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी म्हणाला, "मग तू एवढे दिवस काय करत होतीस?"

"मागत होते."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"मग?"

"मग परत मागते."

तो म्हणाला, "माझ्यासमोर माग बघू. जोडतेबाई स्वतः काय बोलते ते ऐकू तरी दे." तू मोठ्याने मागितलंस. त्याने डोळे मिटले नाहीत. तुझ्याचकडे बघत होता, असं तू म्हणालीस. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. तू पाणी आणायला वळली होतीस, तेवढ्यात.

आता जे लिहायचंय ते तुलाही आवडणार नाही, पण लिहिणार.

दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता. मंडळी बिचारी गोंधळून गेली होती. ज्याचे आभार मानले तो मेला कसा? पाळक काहीतरी पुटपुटले. मग शिलाईवाली म्हणाली, कपात साखर ढवळत, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "देव दिलेलं उगाच परत घेत नाही. घरातच कुणाचा तरी विश्वास डळमळला असणार. आभाराच्या दिवशीसुद्धा काही जणींचा चेहरा बघायला हवा होता."

सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू दाराशी उभी होतीस, त्याचा कोट हातावर घेऊन. मी चार हातांवर होते. तोंडात बिस्किट नव्हतं, घसा बसलेला नव्हता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: तो कधी बरा झालाच नव्हता, मी न विचारता नाव हलवलं. एका दमात म्हणता आलं असतं. आयुष्यभर मोठ्याने बोलत आलेली बाई मी. आणि मी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, आणि गप्प बसले. सव्वीस वर्षांची वही, लोकांचा शब्द, "बाईंच्या वहीत नाव गेलं की..." ते सगळं माझ्या जिभेवर बसलं होतं.

घरी येताना मी म्हटलं, "मी बोलायला हवं होतं."

तू म्हणालीस, "हवं होतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणालीस, "बोलला असतात तरी ते काही परत आले नसते." ही माफी होती की नाही, मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मी वही सोडली. डोळ्यांचं कारण दिलं. डोळे ठणठणीत होते. झालं असं होतं की मला प्रार्थना करता येईना. शब्द येत, भरपूर येत, पण मी वर्गात ऑक्सिजनचे गुणधर्म सांगावेत तसे येत. समोर कुणी आहे असं वाटेना. सगळं आयुष्य मी देवाच्या नावाने दुसऱ्यांची नावं लिहून घेत होते आणि रकाने भरत होते. माझं असं त्याच्याशी बोलणं काही नव्हतंच, हे सत्तरी ओलांडल्यावर कळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. रविवारी मी चर्चला जाते. खालून अर्ध्या नव्या आणि वरून गंजक्या फाटकातून आत जाते आणि उभी राहते, बसते, उभी राहते.

आणि तू? मंडळीने तुला अल्पविश्वासी ठरवलं. साखळीतून तुझं नाव काढलं, फार गोडीने, "तुम्हाला आता आराम हवा" म्हणून. तू चर्चला येत राहिलीस, मागच्या बाकावर. आणि मंगळवार-शुक्रवार दुपारी हॉस्पिटलात जायला लागलीस. तिथल्या सिस्टर तुला ओळखत. उपचार संपले म्हणून ज्यांना घरी पाठवतात त्या माणसांना तू विचारायचीस, "मी येऊ का?" कुणी हो म्हणायचं, कुणी हाकलायचं. हो म्हणणाऱ्यांच्या घरी जाऊन बसायचीस. पाठ दाबायचीस, चादर बदलायचीस, आणि त्यांच्यासाठी मोठ्याने मागायचीस.

मी एकदा चिडूनच विचारलं होतं, "चार वर्षं जातेस. किती बरे झाले?"

"एकही नाही."

"एकही नाही! मग कशाला जातेस?"

"हे लोक कुणाच्याच वहीत नसतात, वन्सं. सुटले की नाव जातं."

"अगं, पण तो ऐकत नाही तुझं! चार वर्षांत एकदाही ऐकलं नाही!"

तू पाय पसरून बसली होतीस, गुडघ्यांना बाम चोळत. वर न बघताच बोललीस. "तो करू शकतो, हे मला ठाऊक आहे. का करत नाही, ते ठाऊक नाही. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक मी खोटं म्हटलं की मला झोप लागेल, पण म्हणवत नाही."

"आणि याला विश्वास म्हणायचं?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेल्या."

  तुला कधी शांती मिळाली असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. तू थकलेली असायचीस, चिडलेली असायचीस, एका बाईचं मूल गेलं तेव्हा तू आठ दिवस देवाशी अबोला धरला होतास, आणि नवव्या दिवशी स्टुलावर बसून पहिलं वाक्य काय, तर, "मी बोलतेय. अजून रागावलेलीच आहे." पण बोलणं सोडलं नाहीस. आमच्या अख्ख्या मंडळीत त्याच्याशी बोलणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि त्याला आम्ही मागच्या बाकावर बसवलं होतं. संपादकांना हे छापायचं तर छापू दे, नाहीतर परत पाठवू दे. शिलाईवाली वाचेल. वाच बाई. चूक माझी होती.

तुझ्या शेवटच्या सोमवारी तू मला बोलावलंस. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. तू एका कागदावर पत्ता लिहून ठेवला होतास. धोब्याच्या दुकानावरचा तिसरा मजला, डावीकडचं दार. तिथे एक म्हातारी, पोटाचा कर्करोग, हॉस्पिटलने गेल्या शुक्रवारी सोडलेली, घरात फक्त कामावर जाणारी सून.

"मी तिला येते म्हटलंय, वन्सं. जिने तीन आहेत. मला जमणार नाही. तुम्ही जाऊन या."

"मी? मी काय करू तिथे?"

"बसा. आणि मागा."

"मला येत नाही ते आता. तुला माहीत आहे."

"मला तरी कुठे येत होतं? मोठ्याने मागा मात्र. तिला कमी ऐकू येतं."

मी म्हटलं, "बरं, गुरुवारी जाते." गुरुवारी आमच्याकडे नळदुरुस्तीवाला येणार होता, त्याला मी बोलावलं होतं, दुसऱ्या दिवसावर ढकलता आलं असतं. शुक्रवारी मी छत्री घेऊन निघाले, धोब्याच्या दुकानापर्यंत गेले, वर तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी दिसली. धोब्याने विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, "कुणाकडे नाही." शनिवारी सकाळी तू खुर्चीतच गेलीस. चहा निम्मा प्यायलेला होता.

आज पाच आठवडे झाले. ती म्हातारी आहे की नाही, मला माहीत नाही. पत्ता माझ्या पर्समध्ये आहे. खाली तू लिहिलंयस: चारनंतर जा, आधी ती झोपलेली असते. मी गेलेली नाही.